नवसागर: लातुरातल्या खाऱ्या टाकीच्या नोंदी

१० नोव्हेंबर

टाकी आली. ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, काच १० मिमी. दुकानदार १९० लिटर म्हणाला आणि गणितही तेवढंच येतं. पण खाली वाळू, मध्ये दगड आणि वर दोन इंच रिकामी जागा धरली तर खरं पाणी १६० लिटर. इथून पुढे सगळी मापं १६० वर.

घरात सांगून टाकलं की गोड्या पाण्याचे नाहीत, समुद्रातले मासे ठेवणार आहे. अण्णा पेपरमागूनच म्हणाले, "लातुरात?" आई काहीच बोलली नाही. मला तिच्या गप्प बसण्याची जास्त भीती वाटते.

मी कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. दुसऱ्यांच्या प्रयोगांच्या नोंदी ठेवण्यात इतकी वर्षं गेली, आता एक वही स्वतःच्या प्रयोगाची.

ठरलं ते असं: फक्त मासे. प्रवाळ नाहीत, अ‍ॅनिमोनी (फुलासारखा दिसणारा समुद्री जीव) नाही. त्यांना लागणारा प्रकाश आणि कॅल्शियमचा रोजचा हिशेब नवशिक्याला झेपत नाही, खिशालाही नाही. दुसरं कारण कायद्याचं. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या (१९७२) पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. तरी एका दुकानदाराने "जिवंत दगड" म्हणून फोटो पाठवला, त्यात प्रवाळाचा तुकडा सरळ दिसत होता. नको म्हणालो. भाजलेल्या मातीचे सच्छिद्र कृत्रिम दगड घेतले. दिसायला वीटभट्टीवरच्या मालासारखे आहेत, पण जिवाणूंना राहायला भोकंच लागतात, सौंदर्य नाही.

१६ नोव्हेंबर

लोखंडी अँगलचा स्टँड करून आणला. पाणी, काच, दगड, वाळू मिळून अडीचशे किलोच्या आसपास वजन, म्हणून दिवाणखान्याच्या आतल्या भिंतीलगत ठेवला. पाणसळ लावून पाहिली तर एक कोपरा तीन मिलिमीटर खाली. पायाखाली लोखंडी पट्टी सारली. टाकीखाली थर्माकोलचा जाड पत्रा. बोअरचं पाणी भरून दोन दिवस ठेवलं, गळती नाही. ते पाणी बादल्यांनी उपसून आईने अंगण आणि दोन्ही गच्च्या धुतल्या. "दीडशे लिटर पाणी सोडतात का कुठं," एवढंच म्हणाली.

२४ नोव्हेंबर

आज पिंपावरून वाजलं.

मिठाचं पाणी कालवायला मोठं पिंप लागतं. गच्चीच्या जिन्याखाली आमचं २०० लिटरचं निळं पिंप आहे, झाकणासकट, आतून स्वच्छ. मी ते बाहेर काढलं तशी आई स्वयंपाकघरातून आली.

"काय करायलास?"

"मीठ कालवायचंय यात."

"त्या पिंपाला मीठ लावायचं नाही."

कारण विचारायची गरज नव्हती. हे पिंप २०१६ च्या उन्हाळ्यातलं आहे. त्या वर्षी मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी लागली, पाच लाख लिटरची. साऱ्या देशाने ती टीव्हीवर बघितली. आम्ही बघितला तो गल्लीतला टँकर. पाळीत आई उभी, मी पाइप धरलेला, आणि पाइपाचं तोंड याच पिंपात. शेजारच्या काकूंना यातूनच दोन कळशा दिल्या होत्या आणि परतही घेतल्या होत्या. त्या दिवसांत उसनं पाणीसुद्धा मोजून यायचं.

पिंप जागेवर ठेवलं. संध्याकाळी गंजगोलाईत जाऊन खाण्याच्या वस्तूंसाठीचं दुसरं पिंप घेतलं, पांढरं, १०० लिटर. दुकानदाराला विचारून आणि हुंगून घेतलं. रंगाच्या किंवा औषधाच्या डब्यांचं पुन्हा विकायला आलेलं पिंप माशांना चालत नाही.

३० नोव्हेंबर

मीठ. जो येतो तो हेच विचारतो की घरातलं मीठ टाकलं तर काय होतं. घरातलं मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड आणि वर आयोडीन, शिवाय ओल धरू नये म्हणून घातलेलं द्रव्य. समुद्राच्या १०० ग्रॅम क्षारांत क्लोराइड ५५ ग्रॅम, सोडियम ३१ च्या जवळ, आणि उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम. ही उरलेली मंडळीच पाण्याला समुद्र करतात. म्हणून मत्स्यालयासाठीचं तयार मीठ मागवलं, १० किलोची बादली. १६० लिटरला साधारण ६ किलो लागलं.

पाणी आरओचं. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, ९५०, आरओतून आल्यावर ७०. आधी पाणी, मग मीठ, असाच क्रम. उलट केलं तर तळाशी इतकं दाट द्रावण होतं की कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. पिंपात छोटा पंप सोडून रात्रभर फिरू दिलं.

क्षारता मोजायला आधी काटा हलणारा प्लास्टिकचा हायड्रोमीटर घेतला होता. एकाच पाण्याचं माप तीनदा घेतलं, तीन उत्तरं आली. काट्याला हवेचा बुडबुडा चिकटला की तो वर उचलला जातो. मग रिफ्रॅक्टोमीटर घेतला. काचेवर दोन थेंब, वर झाकण, उजेडाकडे धरायचं. निळी-पांढरी रेघ जिथे मिळते तो आकडा. लिटरला ३४ ग्रॅम. आईने बोट बुडवून जिभेला लावलं. "कढी खारट झाल्यागत लागायलंय."

३ डिसेंबर

टाकी भरली. हीटर २६ अंशांवर. लातुरात डिसेंबरच्या रात्री पाणी गारठतं. मागे लटकणारा फिल्टर, पाणी हलतं ठेवायला एक वेव्हमेकर. पाणी दोन दिवस दुधट होतं, आज निवळलं. मासे मात्र अजून महिनाभर नाहीत, आणि घरातल्या कुणालाही हे पटत नाही.

माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया निघतो. तो खाणारे जिवाणू दगडांत वसायला हवेत. एक जात अमोनियाचा नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचा नायट्रेट. त्यांना वसवायचं तर आधी जेवण वाढावं लागतं. पूर्वी लोक त्यासाठी एखादा काटक मासा सोडत आणि तो मेला तर दुसरा. काही जण कोळंबी सडवतात. आमच्या दिवाणखान्यात कोळंबी सडवली असती तर टाकीआधी मीच घराबाहेर गेलो असतो.

मी अमोनियम क्लोराइड वापरलं. प्रयोगशाळेत माल देणाऱ्याकडूनच पदराच्या पैशाने शुद्ध प्रतीची बाटली घेतली. हिशेब: लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया हवा, १६० लिटरला ३२० मिलिग्रॅम. क्लोराइडचं वजन धरून बरोबर १ ग्रॅम. चिमूटभर पांढरी पूड.

आईने विचारलं काय टाकलं. म्हणालो, नवसागर.

"कल्हईवाल्याचा?"

तोच. तापलेल्या पातेल्यात कल्हईवाला कापसाच्या बोळ्याने फिरवायचा आणि डोळ्यांत जाणारा पांढरा धूर निघायचा, तोच नवसागर. बाजारातला मात्र वापरू नये, त्यात काय काय मिसळलेलं असतं कळत नाही. पण नाव वहीत लिहिताना हात थांबला. नव सागर. दोन शब्द सुटे केले की मी जे करू बघतोय तेच झालं.

९ डिसेंबर

अमोनिया २, नायट्राइट शून्य. काहीच घडत नाही.

१७ डिसेंबर

अमोनिया १. नायट्राइटची नळी निळीची जांभळी झाली. म्हणजे पहिली जात वसली.

वायरींवर पांढरी बुरशी चढल्यासारखी दिसली. बुरशी नव्हे, मीठ. पाणी वायरीवरून वर चढतं, उडतं आणि मीठ मागे ठेवून जातं. असंच सरकत ते प्लगपर्यंत पोचू शकतं. सगळ्या वायरींना बोर्डाच्या खाली येईल असा झोळ दिला, म्हणजे थेंब झोळातून खाली पडेल, प्लगात शिरणार नाही. बोर्ड टाकीच्या वर नाही, बाजूला, उंचावर. मिठाचं पाणी आणि वीज यांच्यात हयगय नाही.

२६ डिसेंबर

अमोनिया शून्य, पुन्हा १ ग्रॅम घातला. नायट्राइट इतका की रंगपट्टी संपते. वाळूवर आणि दगडांवर तपकिरी शेवाळ, हात लावला की धुरासारखं उठतं. हे सिलिकेटवर जगतं. आमच्याकडे दगड काळा आणि बोअर त्याच दगडातलं, सिलिका असणारच, आणि घरगुती आरओ ती सगळी अडवत नाही. आरओच्या पुढे रेझिनचं एक नळकांडं जोडलं. आता टीडीएस २. आधीच जोडायला हवं होतं.

८ जानेवारी

काल संध्याकाळी ६ ला १ ग्रॅम, आज संध्याकाळी ६ ला अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य. टाकी तयार. नायट्रेट फार साचला होता, तो या जिवाणूंनी जात नाही, पाणी बदलूनच जातो. निम्मं पाणी बदललं. ८० लिटर खारं पाणी मोरीत ओतताना आई नेमकी समोर उभी. हे पाणी झाडाला नाही, फरशीला नाही, कशालाच नाही.

१९ जानेवारी

पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने थर्माकोलची पेटी आली. सकाळी सातला औसा रोडवर उभा राहून उतरवून घेतली. दोन क्लाउनफिश, जेमतेम दीड इंची, आणि एक निळा डॅमसेल. क्लाउन मुद्दाम पैदास केलेले घेतले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने यांची बंदिस्त पैदास करण्याचं तंत्र बसवलेलं आहे, त्यामुळे समुद्रातून धरलेला मासा घ्यायचं कारण नाही. असे मासे दाण्याला लगेच तोंड लावतात, हाही फायदा.

थेट मोठ्या टाकीत सोडले नाहीत. दीड फुटी छोटी टाकी वेगळी लावली आहे, ३६ लिटर पाण्याची. आत वाळू नाही, लपायला पीव्हीसीचे एल्बो.

इथे एक गोष्ट तपशिलात लिहून ठेवतो, कारण सगळीकडे उलट सांगतात. पिशवीत थेंब थेंब टाकीचं पाणी सोडत तास-दोन तास घालवायचे, अशी पद्धत आहे. जवळच्या दुकानातून आणलेल्या माशाला ती चालेल. पण नऊ तासांच्या बंद पिशवीत मासा श्वास सोडत असतो, कार्बन डायऑक्साइड साचतो, पाणी थोडं आम्लाकडे झुकतं. त्या पाण्यात साचलेला अमोनिया बिनविषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, सामू (पीएच) चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणजे पिशवी उघडून वाट पाहणं म्हणजे माशाला विषात बसवणं. म्हणून दुकानदाराला आदल्या दिवशीच फोनवर त्याच्या पाण्याची क्षारता विचारली. २८. बरीच दुकानं मीठ वाचवायला कमी ठेवतात. छोट्या टाकीतही २८ करून ठेवली. बंद पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली, तापमान जुळलं, पिशवी फोडली, जाळीने मासे उचलून टाकीत, पिशवीचं पाणी मोरीत. दोन मिनिटांचं काम.

क्लाउन एल्बोत शिरले. डॅमसेल एका कोपऱ्यात उभा, इतका निळा की अण्णा म्हणाले, "ह्याच्यात बल्ब हाय का काय?"

२५ जानेवारी

डॅमसेलच्या शेपटीवर आणि पंखांवर पांढरे दाणे. मोजले, अकरा. रव्याचे कण चिकटल्यासारखे. क्लाउनवर अजून काही नाही, पण एक जण अंग एल्बोला घासतोय.

समुद्री पांढरे ठिपके, क्रिप्टोकॅरिऑन. कातडीखाली बसलेला एकपेशीय परजीवी काही दिवसांनी माशावरून गळून पडतो, तळाशी कवच करतो आणि त्यातून शेकडो पिल्लं निघून पुन्हा मासा शोधतात. ठिपके नाहीसे झाले म्हणजे मासा बरा झाला, असं वाटतं ते इथेच फसतं. ते फक्त खाली उतरलेले असतात. मासे छोट्या टाकीत ठेवले नसते तर आज १६० लिटर पाणी, वाळू, दगड सगळंच बाधित झालं असतं.

उपाय दोन. तांब्याचं औषध, किंवा क्षारता पाडणं. तांब्याची मात्रा थोडी जास्त झाली तर मासा मरतो, कमी झाली तर परजीवी जगतो, आणि ती रोज मोजावी लागते. मी दुसरा निवडला. रिफ्रॅक्टोमीटर आहे, ऊर्ध्वपातित पाण्यावर त्याचा शून्य लावून घेता येतो, आणि लागतं ते फक्त गोडं पाणी.

गोड्या पाण्यातल्या माशाला ठिपके आले तर मीठ घालतात. खाऱ्यातल्याला आले तर मीठ काढतात. मासा तगतो, कारण समुद्रातल्या माशाच्या रक्तातले क्षार समुद्राच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच असतात. भोवतालचं खारं पाणी त्याच्या अंगातून सारखं पाणी ओढतं, म्हणून तो दिवसभर पाणी पीत असतो. समुद्रात राहून कायम तहानलेला. क्षारता १२ वर आणली की त्याला उलट हलकं वाटतं, आणि परजीवीचं कवच मात्र फुटतं.

२७ जानेवारी

दोन दिवसांत क्षारता १२ वर. घनता १.००९. जवळजवळ ३५ लिटर गोडं पाणी गेलं. नळाला पाणी येऊन आज सहावा दिवस.

२ फेब्रुवारी

डॅमसेल गेला. काल संध्याकाळी वरच्या थराला येऊन कल्ले हलवत होता, सकाळी तळाशी आडवा. चमच्याने उचलून वाटीत घेतला. निळा रंग पाहता पाहता उतरला, अर्ध्या तासात शाळेच्या पाटीसारखा. अण्णांनी चाफ्याच्या बुडाशी पुरला. मीठ झाडाला नको म्हणून आधी धुऊन घेतला.

२४ फेब्रुवारी

क्लाउनवर तीन ठिपके आले होते, ते गळाले, नंतर नवा एकही नाही. १२ वर चार आठवडे पूर्ण. आता रोज थोडी थोडी क्षारता वर. खाली आणताना घाई चालते, वर नेताना नाही.

८ मार्च

दोघं मोठ्या टाकीत. दिवा लावला, वीटभट्टीचे दगड तपकिरी-हिरवे होऊन आता दगडासारखे दिसतात, आणि त्यांच्यामधून ती दोन भगवी-पांढरी पट्टेरी पोरं डुलत निघाली. क्लाउन पोहत नाही, डुलतो. गल्लीतली सात-आठ लेकरं दारात.

आई त्यांना थोरली आणि धाकटी म्हणते. मी सांगितलं, धाकटी नाही, धाकटा. क्लाउन जन्मतः नर असतात, जोडीतला दांडगा मादी होतो, आणि ती मेली तर मागे राहिलेला नर मादी होतो. आईने ऐकून घेतलं. "म्हणजे घरात कारभार कुणाचा ते ठरल्यावर मग ठरतंय," म्हणाली आणि भाजी निवडायला गेली.

३१ मार्च

नऊ दिवस संभाजीनगरला प्रशिक्षण होतं. जाताना टाकीवर चिठ्ठी लावली: रोज २ लिटर पाणी, काळ्या खुणेपर्यंत. अण्णांनी एक दिवस चुकवला नाही. आज आलो, मासे कोपऱ्यात, श्वास जलद. क्षारता ३८.

चूक माझी. कोणतं पाणी ते लिहिलंच नव्हतं. गोड्या पाण्याचा कॅन आणि खाऱ्या पाण्याचं पिंप शेजारी शेजारी, आणि अण्णांनी शहाणपणाने विचार केला की समुद्रात भर घालायची ती खाऱ्याचीच. नऊ दिवस, १८ लिटर, लिटरला ३४ ग्रॅम, म्हणजे ६१२ ग्रॅम मीठ जादा. १६० लिटरात पावणेचार. आकडा तंतोतंत जुळला.

टाकीतून पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून रोजची तूट गोड्या पाण्यानेच भरायची. खारं पाणी फक्त पाणी बदलताना, जेवढं काढलं तेवढंच. अण्णांना समजावलं. ते म्हणाले, "मग आधी सांगायचं की. समुद्रालाबी नदी गोडंच पाणी घालते." हे मला पाच महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं.

चार दिवसांत मिळून १७ लिटर खारं काढून गोडं घालायचं. आज पहिले ४.

१७ एप्रिल

बाहेर ४१. दुपारी तीनला टाकीत ३१.५. गरम आणि खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, मासे वरच्या थरात. चिलरचा भाव विचारला आणि फोन ठेवला. संगणकातले दोन छोटे पंखे आणून पाण्यावर तिरके बसवले. तीन तासांत २८.५.

माठाचंच गणित. एक लिटर पाणी उडताना २४०० किलोज्यूलच्या वर उष्णता नेतं. दिवसाला ५ लिटर उडतं, म्हणजे १४० वॅटचं यंत्र चोवीस तास उष्णता उपसतंय असं धरा. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती इतकी चालणार नाही. आमच्या कोरड्या हवेत झकास चालते. कोरडेपणाचा कधी नव्हे तो उपयोग. फक्त ते ५ लिटर रोज कुठून तरी आणावे लागतात.

२ मे

रात्री लाईट गेली, साडेचार तास. इन्व्हर्टरवर वेव्हमेकर आणि एक पंखा ठेवला होता, दोनला तोही बसला. पुढे बॅटरीचा हवेचा पंप. दर वीस मिनिटांनी टॉर्च मारून बघत बसलो. मासे ठीक. मी नाही.

११ मे

नळाला दहा दिवसांनी पाणी. आईने गेल्या आठवड्यात वही मागितली. माझीच, हीच. स्वतः हिशेब मांडला: टाकीला रोज ५ लिटर, त्यासाठी आरओ बाहेर टाकतो १२ लिटर, म्हणजे रोज सतरा. ती ते टाकाऊ पाणी भांड्यांना आणि फरशीला वापरत होती, कढीपत्त्यालाही घालत होती. कढीपत्त्याची पानं टोकाला करपली. बोअरचे क्षार या बारा लिटरांत एकवटलेले असतात, टीडीएस तेराशे. हे मी तिला सांगायला हवं होतं.

"सतरा लिटर," ती म्हणाली. "त्या साली दोन माणसांची अंघोळ होती ती."

उत्तर नव्हतं. टाकीवर काचेची झाकणं घातली, फक्त पंख्यांपुरत्या फटी ठेवल्या, आणि पंखे दुपारी अकरा ते सहाच. तापमान २९ पर्यंत चढू द्यायचं ठरलं. तूट साडेतीन लिटरवर आली. मोजायचं काम आईने स्वतःकडे घेतलं. पहिल्या दिवशी तांब्या घेऊन आली, तांब्याचाच. हातातून काढून घ्यावा लागला. मासे एकवेळ तगतील, पण पुढे कधी गोगलगाय सोडली तर तांब्याच्या अंशाने मरेल. आता स्टीलचं मापटं आहे. सकाळी सातला मोजून ओतते, उरलेलं परत कॅनमध्ये. माझ्याहून नेमकं ओततेय. आठ दिवस झाले, क्षारता ३४ वरून हललेली नाही.

८ जून

काल मृग निघाला, आज दुपारी चारला आभाळ भरून आलं.

मी कॉलेजातून येईपर्यंत पाऊस सुरू झाला होता. जिना चढून वर गेलो तर आई गच्चीत डोक्यावर पोतं घेऊन उभी आणि मधोमध निळं पिंप, झाकण काढलेलं. पहिली दहा मिनिटं तिने ते उपडं ठेवलं होतं, धूळ जाऊ दे म्हणून, मग सरळ केलं. गच्चीवरून वाहणारं पाणी नाही घेतलं, वरून पडेल तेवढंच.

तासभर पडला. पिंपाच्या तळाला दोन बोटं पाणी. टीडीएस मीटर बुडवला, १८. मीटर नीट चालतो ना म्हणून पुसून पुन्हा बुडवला. १८.

"चालतंय का तुझ्या समुद्राला?"

चालतंय म्हणालो. तिने मापट्याने काढलं, साडेचार लिटर भरलं. पाऊस आल्यामुळे आज तूट कमी होती, तीनच लिटर. तीन टाकीत ओतलं. उरलेलं दीड कॅनमध्ये, उद्यासाठी. तापमान २७.५, क्षारता ३४. थोरली वर येऊन थेंब पडत होते तिथे तोंड मारून गेली, काही खायला आहे का बघत. पिंप उघडंच वर ठेवलंय.